ते अवयव कोणाचे?

गेल्या प्रायश्चित्तकाळात, झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारी, आमच्या देवळात संध्याकाळी तासाभराचे एक गायन झाले. त्यानंतर आठवड्याभरात कोणीतरी माझ्या दाराच्या फटीतून एक पत्र आत सरकवले. पत्राखाली सही नव्हती; अक्षर मात्र वळणदार होते आणि भाषा सुशिक्षिताची होती. निनावी पत्राला उत्तर देऊ नये असा आम्हां धर्मगुरूंचा अलिखित दंडक आहे आणि तो शहाणपणाचा आहे. आज मी तो मोडतो आहे. त्या पत्रात जे लिहिले होते, तेच पुढच्या पंधरा दिवसांत मी आणखी चार-पाच तोंडांतून ऐकले, आणि त्यांतले एक तोंड माझ्याच एका धर्मगुरुबंधूचे होते. एखादे मत असे गावभर हिंडू लागले की ते निनावी राहत नाही. ते आपल्या सर्वांचे होते.

पत्राचा मथितार्थ असा : देवळात प्रोटेस्टंटांचे गाणे कशाला? लॅटिन आता कोणाला कळते? आणि प्रभू पुनरुत्थित झालेला असताना त्याच्या जखमा एकेक करून मोजण्याचा हा जुनाट सोस कशासाठी? अशाने तरुण मुले देवळापासून दूर जातील. शेवटी एक टोमणा होता, की मैफली भरवायच्या असतील तर सभागृहे आहेत.

प्रथम काय गायिले गेले ते सांगतो, कारण पत्रलेखकाने ते अखेरपर्यंत ऐकले असावे असे मला वाटत नाही. रचनेचे लॅटिन नाव ‘मेम्ब्रा येसू नोस्त्री’, म्हणजे ‘आमच्या येशूचे अवयव’. रचनाकार डिट्रिक बुक्स्टेहूड, साल १६८०. आज हिला कँटाटा म्हणतात. वाद्यांच्या साथीने गावयाची बहुखंडी रचना, एवढाच त्या शब्दाचा अर्थ घ्यावा. खरे तर ही सात छोट्या कँटाटांची एक माळ आहे. क्रुसावर टांगलेल्या देहाचे पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय आणि मुख, अशा सात ठिकाणी ती थांबते. पाच गायक, दोन व्हायोलिन आणि खालचे स्वर धरून ठेवणारी साथ, एवढाच सारा सरंजाम. प्रत्येक भागाच्या आरंभी केवळ वाद्ये वाजतात. मग पवित्र शास्त्रातील एक वचन, बहुतेक ठिकाणी पाचही आवाजांत. त्यानंतर एका मध्ययुगीन लॅटिन काव्यातील तीन कडवी, कधी एकट्याने तर कधी तिघांनी मिळून. आणि बहुधा तेच वचन पुन्हा. सहाव्या भागात आपण हृदयापाशी येतो. तेथे व्हायोलिन बाजूला राहतात आणि गुडघ्यांत धरून वाजवावयाच्या ‘गांबा’ नावाच्या जुन्या तंतुवाद्यांचा पाच जणांचा मेळ सुरू होतो. आपल्याकडे गांबा कोठून असणार? मुंबईहून आलेल्या त्या तरुण मंडळींनी ते काम व्हायोला आणि चेलो यांवर भागविले. जाणकार नाक मुरडतील. मला त्यात काही उणे वाटले नाही.

आता ‘प्रोटेस्टंटांचे गाणे’ या शब्दांकडे वळू.

गाण्याचे शब्द कोणाचे? ते काव्य कित्येक शतके संत बर्नार्ड यांच्या नावावर चालत आले. आजचे अभ्यासक त्याचा मोठा भाग लूव्हेनचे आर्नुल्फ यांचा मानतात. आजच्या बेल्जियममध्ये असलेल्या व्हिलेर येथील सिस्टर्शियन मठाचे ते मठाधिपती होते आणि १२५० च्या सुमारास ते वारले. हृदयाविषयीचा भाग हर्मन जोसेफ या नॉर्बर्टाईन संन्याशाचा असावा असेही सांगतात. ल्यूथरचा जन्म १४८३ चा. म्हणजे ल्यूथर जन्मण्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे कॅथलिक मठात, क्रुसासमोर गुडघे टेकून, हे शब्द रचले गेले. आणि आपल्यापैकी किती जणांना त्यांची ओळख आहे? मी सेमिनरीत इतकी वर्षे काढली, लॅटिनच्या विभक्त्या घोकल्या, संत बर्नार्ड यांच्यावर परीक्षेत टिपणही लिहिले. तरी हे काव्य मला प्रथम भेटले ते एका वृद्ध अध्यापकांनी पवित्र सप्ताहात लावलेल्या कॅसेटवर, एका ल्यूथरन ऑर्गनवादकाच्या हातून. घरच्या पेटीतला दागिना शेजाऱ्याने आपल्याला आणून दाखवावा आणि आपण त्याला विचारावे, हे परके सोने आमच्या घरात कशाला?

याच काव्याच्या मुखाविषयीच्या भागावरून पाउल गेरहार्ट या ल्यूथरन पाळकाने १६५६ मध्ये एक जर्मन गीत लिहिले. आपल्या ज्या देवळांत इंग्रजी मिस्सा होते, तेथे शुभ शुक्रवारी ‘ओ सेक्रेड हेड’ गायिले जाते. ती याच झाडाची फांदी. त्याची चाल तर हान्स लिओ हास्लर याने १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची आहे. ते गीत ऐकताना आपले डोळे भरून येतात, आणि त्याविरुद्ध कोणी दाराच्या फटीतून पत्र सरकवीत नाही. म्हणजे आक्षेप प्रोटेस्टंटांना नाही; अनोळखी गोष्टीला आहे. तसे असेल तर तसे म्हणावे. विश्वासरक्षणाचे कवच कशासाठी चढवावयाचे?

बुक्स्टेहूड हा ल्यूबेक नगरातील मरियामातेच्या देवळात १६६८ पासून १७०७ साली मृत्यू येईपर्यंत ऑर्गनवादक होता. ते देऊळ आपल्या मातेच्या नावाचे, आणि धर्मसुधारणेनंतरही ते नाव तसेच राहिले. तो नुसता वाजवीत नसे, देवळाचा जमाखर्चही सांभाळीत असे. हे वाचल्यापासून मला तो माणूस विशेष जवळचा वाटू लागला आहे. १७०५ साली त्याचे वादन ऐकण्यासाठी वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत गेला. चार आठवड्यांची रजा घेतली होती, परतला कितीतरी महिन्यांनी, आणि देवळाच्या व्यवस्थापकांनी त्याला खडसावून जाब विचारला. देवळाच्या समित्या सगळीकडे आणि सर्व काळी सारख्याच.

ही सात कँटाटांची माळ बुक्स्टेहूडने आपला मित्र गुस्ताफ ड्यूबेन याला अर्पण केली. ड्यूबेन हा स्टॉकहोम येथे स्वीडनच्या राजदरबाराचा संगीतप्रमुख होता. त्या काळचे स्वीडन कसे होते? १६१७ च्या कायद्याने तेथे कॅथलिक होणाऱ्याला देशात थारा नव्हता. त्या देशाची राणी क्रिस्टिना हिने १६५४ मध्ये सिंहासन सोडले, देश सोडला आणि पुढे ती कॅथलिक झाली. त्यानंतर अवघ्या सव्वीस वर्षांनी त्याच राजधानीत एका कॅथलिक मठाधिपतीचे लॅटिन काव्य, ल्यूथरन माणसाच्या संगीतात, ल्यूथरन माणसाच्या हाती पडले आणि त्याने ते जपून ठेवले. ड्यूबेनच्या मुलाने १७३२ मध्ये बापाचा सारा संग्रह उप्साला विद्यापीठाला दिला. बुक्स्टेहूडच्या हातची प्रत आजही तेथे आहे. कॅथलिक माणसाला जेथे दार बंद होते, तेथे त्याच्या प्रार्थनेला आत घेतले गेले. आणि आज, १९९९ साली नीतिमत्त्वाविषयी ल्यूथरन बंधूंशी संयुक्त घोषणापत्र झाल्यावर, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्वीडनमधील लुंड येथे ल्यूथरन धर्मप्रमुखांसह एकत्र प्रार्थना केल्यावर, आपण त्याच प्रार्थनेला आपल्याच दारात अडविणार?

ल्यूबेकविषयी आणखी एक गोष्ट पत्रलेखकाला सांगावयाची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. १९४२ साली झावळ्यांच्या रविवारच्या रात्री, २८ मार्च सरून २९ उजाडण्याच्या आत, त्या नगरावर बॉम्बवर्षाव झाला. मरियामातेचे देऊळ जळाले. मनोऱ्यातल्या घंटा कोसळून खाली फुटल्या. त्या आजही तशाच फुटक्या अवस्थेत फरशीवर ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, त्याच नगरातील एका ल्यूथरन देवळाचा पाळक कार्ल फ्रीड्रिख स्टेलब्रिंक याने प्रवचनात या आगीतून देव बोलला असे सांगितले. नाझी सत्तेने काही दिवसांतच त्याला पकडले. पुढे योहानेस प्रासेक, हेर्मान लांगे आणि एडुआर्ड म्युलर हे तीन तरुण कॅथलिक धर्मगुरूही पकडले गेले. चौघांची मैत्री होती. ते प्रवचने आणि बातम्या एकमेकांना देत असत. १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्गच्या तुरुंगात काही मिनिटांच्या अंतराने, एकामागून एक, चौघांचा शिरच्छेद झाला. २५ जून २०११ रोजी ल्यूबेक येथे तिघा धर्मगुरूंना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि त्या विधीत स्टेलब्रिंक यांचेही आदराने स्मरण केले गेले. त्या तुरुंगाच्या फरशीवर कोणते रक्त कॅथलिक आणि कोणते ल्यूथरन, हे कोणी निवडून ठेवले असेल? बुक्स्टेहूडच्या नगराने एवढे दिल्यानंतर त्याच्या गाण्याचा पंथ मी विचारू शकत नाही. मला लाज वाटेल.

लॅटिनच्या आक्षेपावर फार वेळ घालवीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने लॅटिन हद्दपार केले, असे जे सर्रास बोलले जाते ते परिषदेचा दस्तऐवज न वाचता बोलले जाते. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला दार उघडले, प्रत्येक देशातील संगीताला मान दिला, आणि त्याच पानांत जुन्या संगीताचा ठेवा जतन करावा असेही बजावले. मी मराठी उपासनेचा कट्टर पुरस्कर्ता आहे. मिस्सा मराठीत नसती तर माझ्या आजीला ती आयुष्यभर कळली नसती. पण शुक्रवारी संध्याकाळी झाली ती मिस्सा नव्हती. शिवाय प्रत्येकाच्या हाती मराठी अर्थाचा कागद होता. तो कागद मी स्वतः चार रात्री जागून तयार केला होता, हे आता सांगावेच लागते. आणि परक्या भाषेचे एवढे वावडे असेल तर आपण एक आठवावे : १६१६ साली ख्रिस्तपुराण लिहिणारा फादर स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेला होता. त्याने आपल्या ओवीला परकी म्हटले नाही.

गोव्यातील वाचकांना तर हा वाद चमत्कारिकच वाटेल. तेथे प्रायश्चित्तकाळात मोतेत गाण्याची परंपरा आहे : लॅटिनमधून, पुढे कोकणीतूनही, दोन-तीन आवाज, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठा बास. दुःखसहनाचे एखादे वचन घ्यावयाचे आणि मूठभर गायकांनी ते सावकाश उलगडावयाचे. ल्यूबेकच्या ऑर्गनवादकाला गोव्यातील त्या गायकांत बसविले असते तर त्याला ते घर आपलेच वाटले असते.

खरा वाद आहे तो जखमांविषयी. येथे पत्रलेखक एकटा नाही. हल्ली आपल्या देवळांत दुःखसहनाची घाई झाली आहे. क्रुसाची वाट वीस मिनिटांत उरकली पाहिजे. शुभ शुक्रवारी क्रुसाच्या पायांचे चुंबन घ्यावयाला आपण रांगेत उभे राहतो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन क्षण येतात, मागचा ढकलतो, स्वयंसेवक रुमालाने पाय पुसतो, पुढचा येतो. गर्दीचा इलाज नाही हे मी जाणतो. ते स्वयंसेवक माझ्याच सांगण्याने उभे असतात. पण बुक्स्टेहूड त्याच पायांपाशी आठ-नऊ मिनिटे थांबतो. मागून कोणी ढकलीत नाही. पंढरपूरला पददर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते, हे आपण सर्व जाणतो. मुखदर्शन लांबून, चटकन होते. पायांवर डोके ठेवावयाचे असेल तर तासन्‌तास उभे राहावे लागते. वारकऱ्याला ते ठाऊक आहे म्हणून तो कुरकुरत नाही. आपणच का मुखदर्शनावर भागवू पाहतो?

आणि येथे काव्य व पवित्र शास्त्र यांची जी गाठ घातली आहे ती पाहावी. पायांचा भाग सुरू होतो तो खिळ्यांनी नव्हे. पहिले वचन नहूम संदेष्ट्याचे आहे, डोंगरावरून सुवार्ता घेऊन येणाऱ्याच्या पायांविषयीचे. आधी चालणारे पाय, मग खिळलेले. गुडघ्यांच्या भागाला यशयाचे वचन आहे, मुलाला कडेवर घेऊन गुडघ्यांवर खेळविणाऱ्या आईचे. क्रुसावर गळून गेलेले गुडघे समोर आहेत आणि कानांवर येते ते मांडीवर खेळणाऱ्या बाळाचे वचन! त्या भागाच्या आरंभी व्हायोलिनचे गज थरथरतात. रचनाकाराने तशी सूचनाच लिहून ठेवली आहे. ती थरथर मरणाऱ्याच्या गुडघ्यांची की मुलाला झुलविणाऱ्या आईच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी दोन्ही ऐकतो.

हातांपाशी जखऱ्याचा प्रश्न येतो, तुझ्या हातांवर या जखमा कसल्या, असा. प्रश्न विचारला जातो, पुन्हा विचारला जातो, स्वर एकमेकांवर घासतात आणि उत्तर मिळत नाही. कुशीपाशी गीतरत्नातील खडकाच्या कपारीतले कबूतर. म्हणजे भाल्याने उघडलेली कूस ही लपावयाची जागा. छातीपाशी पेत्राच्या पहिल्या पत्रातील दुधासाठी आसुसलेली नवजात बालके. हृदयापाशी पुन्हा गीतरत्न, आणि आता ज्याचे हृदय घायाळ झाले आहे तो प्रियकर बोलतो. शेवटी मुखापाशी एकतिसाव्या स्तोत्रातील याचना, तुझे मुख तुझ्या सेवकावर प्रकाशो. यात जुनाट सोस कोठे आहे? येथे एकही जखम जखम म्हणून दाखविलेली नाही. प्रत्येक जखमेशेजारी शास्त्राने काहीतरी जिवंत आणून ठेवले आहे. जो म्हणतो की या गाण्यात पुनरुत्थान नाही, त्याने पुनरुत्थित प्रभूने थोमाला काय दाखविले ते योहानाच्या विसाव्या अध्यायात पाहावे. जखमा पुसून टाकून तो आला नव्हता.

त्या संध्याकाळी गाणे संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मी तशी विनंती केली होती. लोक हळूहळू उठले. एक मावशी मात्र बाकावर बसून राहिल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत. शेजारच्या मुलीला घरी बसवून त्या आल्या होत्या. मी जवळ गेलो तेव्हा हातातला कागद दाखवून त्या म्हणाल्या, “फादर, मी ह्यांना रोज पुसून काढते. मी तोंडापासून सुरू करते आणि पायांशी संपवते. ह्याने पायांपासून सुरू केलं.” थोडे थांबून म्हणाल्या, “पण क्रम सोडत नाही. घाई करत नाही. ज्याने हे केलं त्याने कुणाचं तरी केलेलं असणार.” बुक्स्टेहूडने कोणाची शुश्रूषा केली होती हे मला माहीत नाही. परंतु तीस वर्षे मी दुःखसहनावर प्रवचने देतो आहे, आणि देहाचा असा एकेक अवयव हातात घेऊन मी एकदाही बोललो नव्हतो. मावशींना लॅटिन येत नाही. तरुणांना या गाण्याची भीती वाटेल असे म्हणणाऱ्याला मला विचारावेसे वाटते : घरी आजोबांचे पाय कोण पुसते, हे ज्याने पाहिले नाही त्या तरुणाला आपण कोणत्या ख्रिस्ताकडे नेणार आहोत?

आता मैफलीचा टोमणा. येथे पत्रलेखकाचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. देऊळ हे सभागृह नव्हे. रोमच्या उपासना विभागाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी देवळांतील संगीतसभांविषयी एक पत्रक काढले. प्रवेश खुला व विनामूल्य असावा, संगीत धार्मिक असावे, गायक-वादकांनी वेदीच्या जागेत बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो दुसरीकडे हलवावे, आणि ऐकणाऱ्यांना अर्थ समजावून द्यावा, अशा त्यातील अटी आहेत. त्या आम्ही सर्व पाळल्या. आणि ऐकणे म्हणजे सहभाग नव्हे, हेही खरे नाही. १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रात अंतःकरणाने ऐकणे हाही सहभाग मानला आहे.

पण ज्या अर्ध्या म्हणण्याशी माझे भांडण आहे ते असे, की हे गाणे प्रार्थना नसून दिखावा आहे. दिखावा म्हणजे काय, हे आपण प्रामाणिकपणे पाहावे. आपल्या देवळांतील ध्वनिवर्धक दर दोन वर्षांनी मोठे होतात. कीबोर्डमध्ये तबल्याचा आणि ड्रमचा ठेका आयता भरलेला असतो. बटण दाबले की तो सुरू होतो आणि प्रभूचे दुःखसहन असो वा नाताळ, त्याच चालीने चालतो. सिनेमाच्या चालींवर भक्तिगीते बसविली जातात. अंत्यविधीला गायनवृंद मिळाला नाही म्हणून मी स्वतः एकदा मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण माइकला लावले आहे. शवपेटीशेजारी उभा असलेला मुलगा त्या मोबाइलकडे ज्या नजरेने पाहत होता, ती मी विसरलेलो नाही. वसईच्या कित्येक घरांत एके काळी व्हायोलिन होते. बापाकडून ते मुलाकडे जाई, नाताळला आणि लग्नाला निघे, रविवारी देवळाच्या माळ्यावर चढे. आज ते कपाटावर आहे, तारा तुटलेल्या. आपण ते काढून टाकले ते प्रोटेस्टंटांच्या नव्हे, कीबोर्डच्या बटणाच्या धाकाने. आणि आता पाच गळे आणि चार तंतुवाद्ये, ध्वनिवर्धक बंद ठेवून, देवळात एक तास गातात, तेव्हा आपल्याला ती मैफल वाटते!

बुक्स्टेहूडला मोठा ताफा मिळत नव्हता असे नाही. ल्यूबेकमध्ये नाताळापूर्वीच्या रविवारी दुपारी तो मोठ्या संगीतसभा करीत असे. व्यापारी पैसे देत, नगरात त्यांची कीर्ती होती. तरीही दुःखसहनासाठी त्याने मूठभर माणसे पुरेशी मानली. ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या सोयीची आहे. पाच गाणारे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. व्हायोलिन कपाटावरून खाली काढता येते. सातही भाग एकदम गायिले पाहिजेत असेही नाही. प्रायश्चित्तकाळातील एकेका शुक्रवारी एकेक भाग घेता येईल. आणि जे मला सर्वांत अधिक हवे आहे ते हे, की आपल्यापैकी कोणीतरी या सात अवयवांवर मराठीत लिहावे, आपल्या ओवीत, आपल्या स्वरांत. ज्याला बुक्स्टेहूड नको आहे त्याने तरी लिहावे. मी आनंदाने हरेन.

आमच्या गायनवृंदातील तिघांनी पायांचा भाग शिकावयास घेतला आहे. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठला, शाळेच्या खालच्या वर्गात, ते बसतात. एका जुन्या व्हायोलिनला नव्या तारा चढविल्या आहेत. खारट हवेत ती दर दहा मिनिटांनी उतरते आणि मग पुन्हा जुळवावी लागते, तेवढा वेळ आम्ही मराठी अर्थ वाचतो. दुसऱ्या व्हायोलिनला वादक मिळालेला नाही. पत्र लिहिणाऱ्याचे अक्षर एवढे वळणदार आहे की ज्याच्या हाताला असे वळण असेल त्याने कधीतरी गज धरला असावा अशी मला दाट शंका आहे. दार साडेआठपासून उघडे असते.